ग्रामीण काउंटीचं मीडियन घरगुती उत्पन्न वर्षानुवर्षं कसं मोजायचं?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, केंटकी राज्याच्या पूर्व भागातल्या एका छोट्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राहतो. वस्ती दहा-बारा हजारांची. नवरा इथे डॉक्टर आहे, मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. गावाच्या पाणीपुरवठा मंडळाला जुन्या पाइपलाइनसाठी केंद्राच्या अनुदानाचा अर्ज करायचा आहे. अर्जासोबत आणि गावसभेत दाखवायला एक पानभर आलेख हवा आहे: १९८९ पासून आजपर्यंत काउंटीतल्या घरांचं मीडियन उत्पन्न (निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो मधला आकडा) कसं बदललं. गणिताची बाई म्हणून काम माझ्याकडे आलं.

अडचण अशी की एकाच वर्षाचे तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे मिळतात. जुने सेन्ससचे (जनगणनेचे), मग अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे आणि शिवाय फेडच्या, म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या, संकेतस्थळावर तयार मिळणारी एक मालिका. तिन्ही एकत्र काढले की रेषा मध्येच उडी मारते, मध्येच खाली येते.

गावात दोन मतं आहेत. कोळसा होता तेव्हा लोक बरे होते असं काही जण म्हणतात. बाकीच्यांच्या मते तेव्हाही हीच परिस्थिती होती. मला दोघांपुढे खरं चित्र ठेवायचं आहे. कुठला आकडा धरू?

आकडेमोड

तुमच्या तीन आकड्यांत चूक कुणाचीच नाही, तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. थोडं सविस्तर लिहितो.

२००० पर्यंत दर दहा वर्षांच्या सेन्ससमध्ये एक लांबलचक फॉर्म असायचा. साधारण सहातल्या एका घराला तो मिळायचा आणि त्यात आदल्या पूर्ण वर्षाचं उत्पन्न विचारायचे. म्हणून १९९० च्या सेन्ससमधलं उत्पन्न १९८९ चं आणि २००० च्या सेन्ससमधलं १९९९ चं. नमुना मोठा असल्यामुळे लहान काउंटीतही आकडा बऱ्यापैकी भरवशाचा.

२०१० पासून तो फॉर्म गेला. त्याची जागा एसीएसने, म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेने घेतली. तो वर्षभर चालतो, देशभरात वर्षाला सुमारे ३५ लाख पत्ते. एका वर्षाचा आकडा फक्त ६५,००० च्या वरच्या वस्तीला मिळतो, तुमच्यासारख्या काउंटीला पाच वर्षांचे नमुने एकत्र करूनच. २०१९–२३ चा आकडा म्हणजे २०२३ चं उत्पन्न नव्हे. ती पाच वर्षांची मोट आहे, फक्त २०२३ च्या डॉलरमध्ये मांडलेली. त्यातही प्रत्येक घराला 'गेल्या बारा महिन्यांचं' उत्पन्न विचारतात. जानेवारी २०१९ मध्ये ज्याने फॉर्म भरला त्याने २०१८ चं उत्पन्न सांगितलं.

फेडकडची मालिका सेन्ससचीच आहे: स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स, म्हणजे एसएआयपीई. ती १९८९, १९९३, १९९५ आणि मग १९९७ पासून दरवर्षी मिळते. हा थेट सर्व्हे नव्हे, मॉडेल आहे. सर्व्हेचा आकडा, टॅक्स रिटर्न आणि सरकारी मदतीच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक काउंटीचा एका वर्षाचा अंदाज काढतात. काउंटी जितकी लहान तितका सर्व्हेवर भरवसा कमी आणि मॉडेलवर जास्त.

वर्षागणिक रेषा हवी असेल तर एसएआयपीई. तीन स्रोत एकाच रेषेत जोडू नका.

मक्याचं_कणीस

वाचतोय. आयोवात राहून या प्रश्नाचा कधी विचार केला नव्हता.

नदीकाठ

आकडेमोड यांच्याशी एका बाबतीत असहमत. मॉडेलचा आकडा गावसभेत टिकत नाही. कुणी विचारलं 'आमच्याकडे किती घरांना विचारलंत?' तर काय उत्तर देणार? शेजारपाजारच्या काउंट्यांच्या कलावरून तुमचा आकडा ओढून काढलेला असतो. एखाद्या काउंटीत खाण बंद पडली आणि मॉडेलला ते दिसलंच नाही तर?

आकडेमोड

@नदीकाठ, खाण बंद पडली तर ते सगळ्यात आधी टॅक्स रिटर्नमध्ये दिसतं आणि रिटर्न तिथल्याच पत्त्यांचे असतात, शेजारच्यांचे नव्हे. मॉडेल देशभरातल्या काउंट्यांवरून फक्त एवढं शिकतं की रिटर्नमधलं उत्पन्न अमुक असेल तर सर्व्हेतलं साधारण किती असतं. उलट पाच वर्षांच्या सरासरीत खाण बंद पडल्याचा धक्का पुसट होतो.

टॅक्स रिटर्नची खोट वेगळी आहे. ज्यांचं उत्पन्न इतकं कमी की रिटर्न भरावंच लागत नाही, ती घरं त्यात दिसत नाहीत. गरीब काउंटीत अशी घरं खूप.

डोंगरवाट ताई, एक महत्त्वाचं राहिलं. २००४ पर्यंत एसएआयपीईचा पाया करंट पॉप्युलेशन सर्व्हे (सेन्ससचाच दुसरा, लहान सर्व्हे) होता, २००५ पासून एसीएस. तिथे आलेखावर उभी तुटक रेघ मारा. २००४–०५ च्या मधला चढ-उतार हा मोजपट्टी बदलल्याचा असू शकतो.

बाकन_डायरी

मी तेलक्षेत्रात इंजिनिअर आहे, काही वर्षं नॉर्थ डकोटात होतो. मॅकेन्झी काउंटी हे या विषयाचं उत्तम उदाहरण आहे. २०१० मध्ये ६,३६० वस्ती, २०२० मध्ये १४,७०४. त्या दशकात देशात सर्वांत वेगाने वाढलेली काउंटी. कारण बाकन नावाच्या खडकाच्या थरातलं तेल.

२००० च्या सेन्ससमध्ये तिथलं मीडियन घरगुती उत्पन्न २९,३४२ डॉलर. २००६–१० च्या एसीएसमध्ये ४८,४८०. महागाई धरून १९९९ चे २९,३४२ म्हणजे २०१० चे साधारण ३८,४०० होतात. म्हणजे खरी वाढ पाव हिश्श्याहून थोडी जास्त, दोन आकडे नुसते शेजारी ठेवल्यावर वाटते तशी दोन तृतीयांश नव्हे.

पण खरा मुद्दा पुढे. वाढ कुणाची झाली? जुन्या शेतकऱ्यांपैकी ज्यांच्याकडे जमिनीखालचे हक्क होते त्यांना रॉयल्टी मिळाली आणि ती सर्व्हेत उत्पन्न म्हणून धरतात. ज्यांचे हक्क वाडवडिलांनी केव्हाच विकले होते त्यांना फक्त धूळ, ट्रक आणि वाढलेली भाडी. बाहेरून आलेले कामगार चांगले कमवायचे. त्यातले जे कामगार-छावण्यांत राहायचे ते 'हाउसहोल्ड' (घर) मध्ये येतच नाहीत, त्यांची गणना सामूहिक निवासात. जे ट्रेलर लावून दोन महिन्यांहून जास्त राहिले त्यांना एसीएस तिथलेच रहिवासी धरतो, पण दशवार्षिक सेन्सस त्यांना त्यांच्या मूळ गावी मोजू शकतो. एकाच माणसाचं उत्तर सर्व्हेनुसार बदलतं.

म्हणून मीडियन वर गेलं याचा अर्थ जुनी घरं सुधारली असा नाही. कधीकधी फक्त घरं बदललेली असतात.

साताऱ्याची_सून

बाकन_डायरी, शेवटचं वाक्य अगदी पटलं. आमच्या ओहायोतल्या काउंटीत याचं उलटं रूप पाहते. तरुण मुलं शिकून कोलंबसला जातात, मागे आई-वडील. वडील गेले की आईचं एकटीचं घर, एकटीची सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन). कुणाचाही पगार कमी न होता काउंटीचं मीडियन खाली येतं, कारण घरं लहान झाली. आलेखाखाली घरटी माणसांची संख्या आणि ६५ वर्षांवरच्यांचं प्रमाण द्यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. नाहीतर लोक म्हातारपणाला गरिबी समजतात आणि गरिबीला म्हातारपण.

टेक्सासचा_बाळ्या

सगळ्यात सोपं काम टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत. २०२० च्या सेन्ससमध्ये ६४ माणसं. एका रात्री सगळ्यांना पिठलं-भाकरीला बोलवायचं आणि उठायच्या आत मीडियन काढायचं. :)

आकडेमोड

बाळ्या, तिथे सर्व्हेचं मार्जिन (आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते) बघशील तर पिठलं-भाकरीचीच पद्धत जास्त अचूक ठरेल. :)

हिशेबी

मीडियनमागे इतकं का लागायचं? बीईएचं, म्हणजे केंद्राच्या आर्थिक आकडेवारीच्या खात्याचं, दरडोई वैयक्तिक उत्पन्न घ्या. प्रत्येक काउंटीचं, दरवर्षी, १९६९ पासून मिळतं. त्यात सर्व्हेचा नमुना नाही, सरकारी नोंदींवरून काढलेलं असतं. पन्नास वर्षांची सलग रेषा!

साताऱ्याची_सून

पण ती सरासरी आहे ना? दोन मोठे जमीनदार आले की वर जाते.

नदीकाठ

हिशेबी, त्यापेक्षाही मोठी गोष्ट आहे. बीईए मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेडवर (गरिबांचा) सरकारने केलेला खर्चही उत्पन्नात धरतं, मालकाने भरलेला विमा आणि पेन्शनचा हिस्साही धरतं. पूर्व केंटकीत मेडिकेडवर खूप लोक आहेत. दवाखान्याचं बिल वाढलं की कागदावर 'उत्पन्न' वाढलेलं दिसेल. घरात आलेला पैसा मात्र तेवढाच. एसीएसमध्ये रोख उत्पन्न धरतात: पगार, धंदा, शेतीचा निव्वळ नफा, सोशल सिक्युरिटी, अपंगत्वाची रक्कम. स्नॅप (अन्नासाठीची सरकारी मदत) आणि मेडिकेड नाही.

आणि तुरुंग. केंटकीतल्या मॅकक्रिअरी काउंटीत मोठा फेडरल तुरुंग आहे. दरडोई काढताना कैदी भाजकात येतात. हाउसहोल्डच्या मीडियनमध्ये ते येतच नाहीत. लहान काउंटीत याने चित्र पार बदलतं.

हिशेबी

तुरुंगाचा मुद्दा मान्य. तरी १९६९ पासूनची रेषा सोडवत नाही. मुख्य आलेख मीडियनचा आणि खाली छोटा आलेख सरकारी मदतीचा वैयक्तिक उत्पन्नातला हिस्सा किती, असा ठेवा. कोळशाच्या वादाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

विदर्भ_एक्स्प्रेस

अवांतर: हे वाचताना आपल्याकडची आठवण झाली. महाराष्ट्रात जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न आर्थिक पाहणीत छापून येतं, पण ते जिल्ह्यातल्या उत्पादनावरून काढलेलं. एखाद्या जिल्ह्यात औष्णिक केंद्र असलं की आकडा फुगतो, शेजारच्या पाड्यातल्या घराला त्याचा पत्ता नसतो. जिल्ह्याचं घरटी मीडियन वर्षागणिक देणारी सरकारी मालिका आपल्याकडे नाही. ग्रामीण भागासाठी नमुना पाहणीचा खर्च मिळतो, २०२२–२३ मध्ये देशात दरडोई महिना ३,७७३ रुपये. शेतकरी कुटुंबांचं उत्पन्न २०१८–१९ च्या पाहणीत महिना १०,२१८ रुपये, पण तीही सरासरी.

आणि तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून मीडियन काढायचं म्हटलं तर अख्ख्या तालुक्याचं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या बरोबर खाली निघेल. :)

मक्याचं_कणीस

दाखल्याला +१००.

पेनाची_निब

डोंगरवाट, मार्जिनबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. सेन्सस प्रत्येक आकड्याबरोबर ९० टक्के भरवशाचं मार्जिन देतं. समजा (आकडे मनचे आहेत) एका काळात ३८,००० आणि मार्जिन ४,०००, पुढच्या काळात ४२,००० आणि मार्जिन ५,०००. फरक ४,०००. फरकाचं मार्जिन म्हणजे दोन्ही मार्जिनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, साधारण ६,४००. फरक मार्जिनपेक्षा लहान, म्हणून 'उत्पन्न वाढलं' असं म्हणता येत नाही. 'बदल ठरवता येत नाही' एवढंच म्हणता येतं.

हे सूत्र एकमेकांवर न येणाऱ्या काळांनाच लागू आहे. २०१८–२२ आणि २०१९–२३ यांची तुलना करू नका, चार वर्षं सामायिक आहेत. २००९–१३, २०१४–१८, २०१९–२३ असे तीन ठोकळे घ्या. जुने दोन्ही ठोकळे २०२३ च्या डॉलरमध्ये आणा, मार्जिनसुद्धा त्याच पटीने वाढवून.

याच केंटकीतल्या औझ्ली काउंटीचं घ्या. १९९९ चं मीडियन १५,८०५ डॉलर, २००६–१० चं १९,३५१. नुसतं बघितलं तर वाढ. महागाई लावली तर १५,८०५ चे २०१० मध्ये जवळजवळ २०,७०० होतात, म्हणजे घट. आणि चार-पाच हजार वस्तीच्या काउंटीत मार्जिन इतकं मोठं असतं की ती घटसुद्धा छातीठोकपणे सांगणं कठीण. 'वाढलं', 'घटलं', 'सांगता येत नाही' ही तिन्ही उत्तरं एकाच जोडीतून निघतात. गावसभेत कुठलं सांगायचं यावर लोकांचा विश्वास अवलंबून आहे.

ग्रामीण_डॉक्टरीण

धागा आवडला. डोंगरवाट, तुमचे यजमान जे-१ वेव्हरवर (डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायच्या अटीवर परदेशी डॉक्टरांना मायदेशी परतण्यातून मिळणारी सूट) आले का? आम्ही तसेच आलो. ती योजना नॉर्थ डकोटाच्या सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाने ओळखली जाते, १९९४ ची. आधी राज्याला २० जागा, नंतर ३०. अशा योजनेवर अनेक मराठी डॉक्टर ग्रामीण काउंट्यांत पोचले. डॉक्टरांची चार-पाच घरं आली म्हणून मीडियन हलत नाही, सरासरी मात्र हलते. आमच्या घरामुळे शेजाऱ्याची गरिबी झाकली जाऊ नये, म्हणून मीडियनच दाखवा ही विनंती.

जलदूत

मी ग्रामीण पाणी योजनांच्या अर्जांचं काम करतो, म्हणून थेट मूळ प्रश्नावर येतो.

यूएसडीएच्या (केंद्राच्या कृषी खात्याच्या) पाणी-सांडपाणी योजनेत अनुदानाचा हिस्सा मीडियन घरगुती उत्पन्नावर ठरतो. ते गरिबी रेषा किंवा राज्याच्या बिगर-महानगरी मीडियनच्या ८० टक्के, यातलं जे जास्त, त्याच्या खाली असेल तर प्रकल्पाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. त्याच्या वर पण राज्याच्या त्या मीडियनच्या आत असेल तर ४५ टक्क्यांपर्यंत. त्याहून वर असेल तर कर्ज. यासाठी एसीएसचा पाच वर्षांचा आकडा चालतो, एसएआयपीईचा नाही. म्हणजे अर्जातला आकडा तुम्ही निवडायचाच नाही, नियमाने ठरलेला आहे.

पण आकडा काउंटीचा नव्हे, *सेवाक्षेत्राचा* लागतो. पाइपलाइन ज्या घरांना जाते त्यांचा. काउंटीच्या मुख्य गावात शिक्षक, दवाखान्यातले लोक, कोर्टातले लोक असतात आणि डोंगरातल्या खोऱ्यांत वेगळीच परिस्थिती. सेवाक्षेत्रासाठी ट्रॅक्ट किंवा ब्लॉक ग्रुप (सेन्ससने काउंटीचे पाडलेले लहान भाग) एवढ्या पातळीवर उतरलात की मार्जिन प्रचंड होतं. आकडा वस्तुस्थितीशी जुळत नाही असं वाटलं तर मंडळाला स्वतंत्र उत्पन्न-सर्वेक्षण करून घेता येतं. त्याची पद्धत ठरलेली आहे, मनाने चार घरी विचारून चालत नाही. तुमच्या एरिया डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्टकडे (काही काउंट्यांचं मिळून असलेलं विकास कार्यालय) आधी जा, त्यांना हे सगळं माहीत असतं.

जुलै २०२२ च्या पुरात तुमच्या भागातली घरं वाहून गेली असतील तर ते मुद्दाम लिहा. २०१९–२३ च्या ठोकळ्यात पुराआधीची घरं आणि पुरानंतर उरलेली घरं एकत्र आहेत. जी कुटुंबं काउंटी सोडून गेली त्यांचं उत्पन्न पुढच्या वर्षांत मोजलंच गेलं नाही.

नदीकाठ

जलदूत यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

नकाशावाला

एक छोटी भर. काउंटीच्या सीमा आणि नावंही बदलतात. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लाकोटा झाली आणि तिचा कोडही (आकडेवारीतला काउंटीचा क्रमांक) बदलला. मालिका कोडवरून जोडली तर तिथे इतिहास तुटतो. कनेटिकटमध्ये तर २०२२ पासून सेन्ससने आठ काउंट्यांऐवजी नऊ नियोजन विभाग घेतले. केंटकीच्या १२० काउंट्यांत असा त्रास नाही, पण इतर कुणी वाचत असेल तर उपयोग होईल.

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमान वेव्हरवरच आले, डॉक्टरीणबाई. :)

असं ठरवलंय: अर्जात सेवाक्षेत्राचा एसीएसचा आकडा मार्जिनसकट, आणि जलदूत म्हणतात तसं सर्वेक्षणाबद्दल डिस्ट्रिक्टकडे विचारणा. मंडळाची बैठक झाली, त्यांना ते पटलं. गावसभेसाठी एसएआयपीईची रेषा, २०२३ च्या डॉलरमध्ये, दोन्ही बाजूंनी भरवशाचा पट्टा रंगवून, २००५ ला तुटक रेघ. खाली घरटी माणसं, ६५ वर्षांवरच्यांचं प्रमाण आणि हिशेबींचा सरकारी मदतीचा हिस्सा.

पट्टा रंगवल्यावर दिसलं की १९९० चं दशक आणि आजचं मीडियन यांत ठामपणे सांगण्यासारखा फरक नाही. २०१२ नंतर, कोळशाची कामं झपाट्याने गेली तेव्हा, मात्र घसरण पट्ट्याच्या बाहेर जाते. म्हणजे दोन्ही मतांच्या लोकांना ऐकून घ्यावं लागेल.

शेवटचा प्रश्न: शेजारच्या दोन काउंट्या मिळून विभागाचं एकत्र मीडियन काढायचं आहे. तीन मीडियनांची वस्तीनुसार सरासरी घेऊ का?

पेनाची_निब

नको. मीडियनांची सरासरी म्हणजे मीडियन नव्हे. एसीएसचा तक्ता बी१९००१ घ्या, त्यात उत्पन्नाचे १६ गट आणि प्रत्येक गटात किती घरं ते असतं. तिन्ही काउंट्यांची घरं गटवार बेरीज करा, एकूण घरांच्या निम्म्यावर कुठला गट येतो ते बघा आणि त्या गटाच्या आत प्रमाणाने पुढे जा. समजा निम्मी घरं ४,००० आणि ३०,००० च्या खाली ३,८०० आहेत, ३०,००० ते ३५,००० च्या गटात ५००. तर २०० भागिले ५००, म्हणजे गटाच्या ४० टक्के आत. मीडियन ३२,०००.

डोंगरवाट

हे माझ्या दहावीच्या वर्गाला उद्याच देते. काउंटी त्यांचीच आहे.

जलदूत

सर्वेक्षण करायचं ठरलं तर इथे कळवा. प्रश्नावलीत 'घरात कोण कोण राहतं' हा प्रश्न उत्पन्नाच्या आधी ठेवा. आजी-नातवंडांची घरं तिकडे खूप आहेत आणि आजीची सोशल सिक्युरिटी सांगायची राहून जाते.